मोकळी जागा कागदावरही मोकळी आहे का?

पेण आणि रोह्याच्या वाचकांच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. विचारणा मैदानाची असो, नदीकाठच्या भरावाची असो की लेआउटमधल्या बागेची, पत्र लिहिलं जातं ते जेसीबी जागेवर आल्यानंतर. तोवर त्या जागेचा निकाल कागदावर कधीच लागलेला असतो. नोटीस राजपत्रात आणि एखाद्या दैनिकात छापून आलेली असते, हरकतीची मुदत संपलेली असते आणि कार्यालयात एकच प्रश्न ऐकावा लागतो, ‘तेव्हा का नाही आलात?’

दोन्ही गावांत जमिनीला भाव आला आहे. पेण मुंबई महानगर प्रदेशात येतं, आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून ते मुंबईच्या आणखी जवळ सरकलं. रोहा त्या प्रदेशाबाहेर असलं तरी पनवेल-रोहा रेल्वे आणि धाटावची औद्योगिक वसाहत यांमुळे तिथेही वस्ती फुगते आहे. अशा वेळी मोकळी जागा वाचवायची, तर ती नुसती डोळ्यांना मोकळी दिसून भागत नाही. ती कोणत्या कागदाच्या आधारावर मोकळी आहे हे आधी शोधा आणि मुदतीत बोला. बाकी सगळं त्यानंतर.

पहिलं काम : जागेचा प्रकार ओळखा

लोक सरसकट ‘नगरपालिकेचं मैदान’ म्हणतात. प्रत्यक्षात ती जागा यांपैकी एका किंवा एकाहून अधिक प्रकारांत मोडते, आणि प्रत्येकाचा कायदा व कार्यालय वेगळं असतं.

- विकास आराखड्यातलं आरक्षण : बाग, क्रीडांगण अशा हेतूने राखलेली जागा. मालकी बहुधा खासगीच असते.
- लेआउटमधली खुली जागा : भूखंड पाडताना किंवा संकुल बांधताना नियमाने सोडलेली जागा.
- सरकारी जमीन, गायरान : यांचा कारभार महसूल खात्याकडे.
- हरित क्षेत्र, शेती क्षेत्र, डोंगरउतार : प्रादेशिक योजनेतले किंवा विकास आराखड्यातले पट्टे.
- नदी, खाडी, कांदळवन आणि त्यांचा काठ : पूररेषा आणि सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची अधिसूचना.

हे ओळखण्यासाठी सातबारा पुरत नाही. सातबाऱ्यावर मालक आणि क्षेत्र कळतं, आरक्षण सहसा कळत नाही. गावठाणात आणि नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका काढा. मग गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक घेऊन नगरपरिषदेत झोन दाखला आणि भाग नकाशा यांसाठी अर्ज करा. गाव हद्दीबाहेरचं असेल तर अलिबागच्या नगररचना कार्यालयात चौकशी करा. भाग नकाशावर हिरवा रंग आणि आरक्षणाचा क्रमांक दिसला, की त्या क्रमांकाचा उतारा आराखड्याच्या अहवालात शोधा. आरक्षण कशासाठी, क्षेत्र किती, ते संपादन कोणी करायचं, हे तिथे लिहिलेलं असतं.

आरक्षण आहे म्हणून निर्धास्त राहू नका

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. नकाशावर ‘क्रीडांगण’ लिहिल्याने जागा नगरपरिषदेची होत नाही. ती मूळ मालकाचीच राहते, त्याला तिचा दुसरा वापर करता येत नाही एवढंच. मालकावर हा बोजा कायम ठेवणं अन्यायाचं, म्हणून महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये कलम १२७ आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक मालकीच्या कागदांसह नगरपरिषदेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची खरी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं. (पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, नंतर वर्षाची झाली, २०१५ पासून दोन वर्षांची.) ‘खरी पावलं’ म्हणजे सभेतला ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र नव्हे. २००७ सालच्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.

म्हणजे दोन वर्षं काहीच न करणं हाही एक निर्णयच असतो, आणि कोणाच्या सहीशिवाय तो होऊन जातो. छोट्या नगरपरिषदांकडे रोख पैसा नसतो हे खरंच. पण कलम १२६ मध्ये रोख रकमेशिवाय हस्तांतरणीय विकास हक्क किंवा चटईक्षेत्र देऊन जागा घेण्याची सोय आहे. पैसे नाहीत हे उत्तर ऐकून परत येऊ नका, दुसरा मार्ग मालकापुढे ठेवला का, हे विचारा.

माहिती अधिकारात नेमकं हे मागा :

1. उद्यान, क्रीडांगण व खुल्या जागांच्या सर्व आरक्षणांची यादी, क्षेत्र आणि आजवर ताब्यात आलेलं क्षेत्र.
2. कलम १२७ खाली मिळालेल्या खरेदी नोटिसा, त्यांच्या तारखा आणि प्रत्येकीवर झालेली कार्यवाही.
3. व्यपगत झालेल्या आरक्षणांची यादी.

तीसपैकी तीन जागा ताब्यात, असं उत्तर आलं तर दचकू नका. ज्या नोटिशीची २४ महिन्यांची मुदत अजून चालू आहे, ती जागा यादीत वर घ्या आणि नगरसेवकांकडे फक्त तिच्यासाठी जा. सगळ्या जागा एकदम वाचवायला निघालेली समिती सहसा एकही वाचवत नाही.

हरकतीच्या मुदती

हरकत घ्यायला जागेचे मालक किंवा शेजारी असावं लागत नाही. कोणीही व्यक्ती हरकत किंवा सूचना देऊ शकते.

- आराखडा तयार करण्याचा किंवा सुधारण्याचा इरादा जाहीर झाल्यावर (कलम २३) : ६० दिवस.
- प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर (कलम २६) : ३० दिवस. सगळ्यात महत्त्वाची खिडकी हीच. नकाशा पाहायला मिळतो आणि त्याची प्रत विकतही मिळते.
- शासनाने मंजुरीच्या वेळी सारभूत बदल सुचवले तर (कलम ३१) : एक महिना. स्थानिक सुनावणीत वाचलेली जागा इथे हातची जाऊ शकते, म्हणून हा टप्पाही पाहा.
- मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल (कलम ३७) : एक महिना. नावात किरकोळ असलं तरी एखादं मैदान वगळायला हे कलम पुरतं.
- नगरपरिषद हद्दीत झाड तोडण्याच्या प्रस्तावावर : ७ दिवस. नोटीस वर्तमानपत्रात येते आणि झाडावरही लावावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे.

आराखडा २० वर्षांतून एकदा सुधारायचा असतो. तुमच्या शहराचा आराखडा कोणत्या वर्षी मंजूर झाला हे विचारून ठेवा, पुढच्या खेपेचा अंदाज येतो. गावातल्या एका माणसाने राजपत्राच्या कोकण विभागीय पुरवणीवर आणि नगरपरिषदेच्या सूचना फलकावर नजर ठेवावी. निवृत्त शिक्षकांना हे काम छान जमतं, असा अनुभव आहे.

हरकत कशी लिहावी

‘निसर्गाचा ऱ्हास थांबवा’ अशा पत्राला नियोजन समितीकडे उत्तर नसतं आणि द्यायची गरजही पडत नाही. जागा, वापर, कारण आणि मागणी, एवढं एका पानात लिहा. नमुना असा :

*‘दि. ___ च्या सूचनेनुसार गट क्र. ___ वरील क्रीडांगणाचे आरक्षण क्र. ___ वगळून जागा रहिवास विभागात घेण्यास माझी हरकत आहे. या प्रभागात चालत जाता येईल अशा अंतरावर दुसरे क्रीडांगण नाही. जागेच्या पूर्वेकडून पावसाळी ओढा वाहतो व जुलैमध्ये जागेवर पाणी साचते, त्याची दिनांकासह छायाचित्रे जोडली आहेत. आरक्षण कायम ठेवावे. ते वगळणे अपरिहार्य असल्यास तेवढ्याच क्षेत्राची पर्यायी जागा याच प्रभागात व याच फेरबदलात दाखवावी. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी.’*

शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. पर्यायी जागा ‘नंतर पाहू’ म्हटली की ती कधीच पाहिली जात नाही.

जागेचा आजचा वापर पुराव्यानिशी मांडा. पेणच्या कुंभारआळी, कासारआळीकडे गणपतीआधीच्या महिन्यांत पाहा. शेडमध्ये न मावलेल्या पांढऱ्या मूर्ती अंगणात, बोळात, शेजारच्या मोकळ्या तुकड्यावर फळ्यांवर रांगेने वाळत असतात. मध्येच सर आली की घरातली सगळी माणसं प्लॅस्टिक ओढायला धावतात. नकाशावर तो तुकडा ‘रिक्त’ असतो, आणि कारखानदारासाठी मात्र तो कारखान्याचाच भाग असतो. असा वापर हरकतीत लिहिल्याशिवाय अलिबागच्या किंवा मंत्रालयातल्या टेबलावर तो कोणाला कळणार नाही.

एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्स देण्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळी कारणं लिहिलेली बरी. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. नियोजन समितीत नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. सुनावणीत बोलायला मोजकी मिनिटंच मिळतात, म्हणून नकाशा आणि फोटो आधीच कागदावर लावून न्या.

कायद्याचा आधार हवा असेल तर एक निकाल लक्षात ठेवा. बंगळुरूत बागेसाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयाला दिला गेला होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवलं, आणि तिथल्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य केलं.

लेआउटमधली बाग

राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा अधिक क्षेत्राच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली सोडावी लागते. ती रहिवाशांच्या वापराची असते, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. माहितीपत्रकातल्या चित्राला काही किंमत नाही, मंजूर नकाशा पाहा. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रकल्पाचे मंजूर नकाशे असतात. नकाशात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश घरखरेदीदारांची लेखी संमती लागते. कोऱ्या संमतिपत्रावर ताबा घेण्याच्या घाईत सही करू नका. बहुतेकांची सही तिथेच गेलेली असते.

नदी, खाडी, डोंगर

रोह्यात कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर वस्ती आहे, पलीकडे अष्टमी. पेणमधून भोगावती जाते. इथे विचारायचा प्रश्न एकच : पूररेषा कुठे आहे? निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. काठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथे बाग, मैदान, शेती असे खुले वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये जोतं उंच ठेवण्यासारख्या अटींवर बांधकाम होतं. रेषा आखलेली नसेल तर ती आखण्याची मागणी पाटबंधारे खात्याकडे लेखी करा. काठावर फिरायला जागा झाली, दिवे लागले, ते चांगलंच. पण ‘सुशोभीकरण’ हा शब्द कानावर आला, की भिंत कोणत्या रेषेच्या आत बांधणार ते विचारायला लाजू नका. रोहा तालुक्यातल्या नागोठण्याने १९८९ च्या जुलैत अंबा नदीचं पाणी पाहिलेलं आहे.

भरतीचं पाणी जिथवर येतं तिथवर सीआरझेड लागू होऊ शकतो. तिवरं खासगी जमिनीवर असली तरी तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांच्या तोडीवर राज्यभर बंदी कायम केली आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. तक्रार वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे आणि तहसीलदारांकडे करा.

मात्र पेणच्या खारेपाटात जाऊन हे सांगण्याआधी शेतकऱ्याचं ऐकून घ्या. खारबंदिस्तीला खांड गेली, वेळेवर बांधली नाही, खारं पाणी भातशेतीत शिरलं आणि पाच-सात वर्षांत तिथे तिवरं उगवली. मग तीच जमीन संरक्षित म्हणून त्याच्या हातून गेली, असं तिथे घडलेलं आहे. बंधारा दुरुस्त करण्याची मागणी आणि कांदळवन राखण्याची मागणी एकाच अर्जात मांडता येते, आणि तशीच मांडावी. शहरातल्या पर्यावरणप्रेमींनी खारभूमी विभागाकडे जाताना शेतकऱ्याला पुढे ठेवावं, त्याच्या मागून जावं.

डोंगराबाबत : १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर नियमावली बांधकामाला परवानगी देत नाही. मुरूम काढला जात असेल तर वाहतूक परवाना तहसीलदारांकडे विचारा. विनापरवाना उत्खननावर महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो, वाहनही जप्त होतं.

नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर

रोह्याला लागून वरसे किंवा पेणच्या भोवतालची गावं घ्या. शहर तिथेच वाढतंय, पण आराखडा शहराचा नाही. अशा ठिकाणी आधी प्राधिकरण कोणतं ते ठरवा, कारण ते बदलत असतं. मार्च २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी, म्हणजे कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमलं गेलं. तुमचं गाव यादीत असेल तर अर्ज तिकडे जायला हवा. यादीत नसेल तर प्रादेशिक योजना आणि जिल्हाधिकारी.

इथे फसवणारे दोन समज आहेत. पहिला, हरित क्षेत्र म्हणजे बांधकामबंदी. तसं नाही, ठरावीक वापरांना तिथे परवानगी मिळते, म्हणून नियमावलीतली वापरांची यादी वाचा. दुसरा, शेती बिनशेती व्हायला वेळ लागतो, तोवर पाहू. महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन, योजनेत बसत असेल तर, रूपांतर कर व इतर रकमा भरून बिनशेती मानली जाते. गायरानाला मात्र २०१७ पासून कलम २२-अ चं संरक्षण आहे. गावाचं गायरान किती, त्यावर काय आहे, हे ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घ्यायला लावा आणि ठराव इतिवृत्तात आल्याची खात्री करा.

कागदावरच्या नोंदीचं मोल पेणचे लोक जाणतात. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन घेण्याच्या वेळी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी ‘आमची जमीन सिंचनाखालची आहे’ हा मुद्दा लावून धरला. २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला तिथे शेतकऱ्यांचं मतदान घ्यावं लागलं. घोषणा पुष्कळ झाल्या होत्या, पण वजन पडलं ते लाभक्षेत्राच्या नोंदीचं.

काम सुरूच झालं असेल तर

1. तारीख-वेळ आणि स्थान दिसेल असे फोटो काढा. जागेवर परवानगीचा फलक आहे का पाहा, त्यावरचा क्रमांक टिपून घ्या.
2. त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांना लेखी तक्रार द्या, प्रत तहसीलदारांना. अनधिकृत बांधकामावर नोटीस देण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला कलम ५३ खाली आहे. तक्रारीत कलम लिहा.
3. परवानगी, मंजूर नकाशा आणि अभिप्रायांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर नाही, तर पहिलं अपील.
4. नदीचं प्रदूषण, सीआरझेड, वनजमीन असे विषय असतील तर पुण्यातलं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा. आरक्षण, फेरबदल, वृक्षतोड हे विषय त्याच्या अधिकारात थेट येत नाहीत, त्यासाठी उच्च न्यायालय.

जेसीबीसमोर आडवं पडून फोटो चांगला येतो. गुन्हा दाखल झाला की मात्र पुढची दोन वर्षं तुम्ही जागा सोडून तारखा सांभाळता. व्हॉट्सअ‍ॅपवर मालकाचं नाव घेऊन आरोप करू नका. बऱ्याचदा त्याचं वागणं कायदेशीर असतं, आणि कलम १२७ त्याच्या बाजूने असतं.

आणखी एक खाचखळगा

मैदान बिल्डरच्याच हातून जातं असं नाही. आधी कोपऱ्यात व्यायामशाळा होते, मग समाजमंदिर, मग पाण्याची टाकी, मग फरसबंदी, आणि उरलेल्या जागेत गाड्या लागतात. प्रत्येक वेळी काम चांगलंच असतं, म्हणून कोणी विरोध करत नाही. मला स्वतःला क्रिकेटचा एक धुळकट चौकोन सुशोभित बागेपेक्षा मोलाचा वाटतो, पण तो आवडीचा भाग झाला. नियम असा की राखलेल्या हेतूबाहेरचं बांधकाम फेरबदलाशिवाय होऊ शकत नाही. समाजमंदिराच्या भूमिपूजनाची पत्रिका आली, तर त्या जागेचं आरक्षण कशाचं आहे हे आधी विचारा, मग फुलं घेऊन जा.

या महिन्यात एवढं कराच : आपल्या प्रभागातल्या एका जागेचा झोन दाखला काढा आणि कलम १२७ च्या नोटिसांची माहिती मागणारा अर्ज नगरपरिषदेत द्या. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाही.